लाकडी सांगाड्याची मोटार

मुंबईहून नाशिककडे जाणारा आग्रा रस्ता भिवंडी ओलांडून शहापूर तालुक्यात शिरला, की माहुली किल्ल्याचे सुळके दृष्टीस पडू लागतात. पुढे खर्डी व कसारा ही गावे मागे टाकून तो थळ घाट चढतो. त्याच्या दक्षिणेला कल्याणहून निघालेला दुसरा रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशी गावे घेत माळशेज घाटाकडे जातो. या दोन रस्त्यांमधला मुलूख भातखाचरांचा व सागाच्या रानांचा आहे. पावसाळ्याचे चार महिने येथे आभाळ जणू जमिनीला टेकलेले असते. पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी मोठी जत्रा भरते आणि तेथला बैलबाजार दूरदूरच्या शेतकऱ्यांना खेचून आणतो. बैल व बैलगाडी यांची पारख या मुलखातील माणसांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणूनच येथे सांगावयाची एका विलायती मोटारीची हकीकत त्यांना परकी वाटण्याचे कारण नाही.

हिवाळा सुरू झाला म्हणजे जुन्या मोटारींचे हौशी मालक आपल्या गाड्या बाहेर काढतात. मुंबईत अशा मोटारींच्या मिरवणुकीही निघतात. त्यांतील एखादी एम. जी. मोटार शहापूरच्या बाजारात येऊन उभी राहिली, तर तिच्याभोवती मुलांचा गराडा पडायला क्षणाचाही विलंब लागणार नाही. तिचे नाक लांब, चाके उंच व तारांची, बसायला जागा दोन माणसांपुरती. डोक्यावर कापडी छत असते, तेही घडी करून मागे टाकता येते. समोरची काच हवी तेव्हा पुढे आडवी पाडता येते. मग वारा थेट तोंडावर येतो. पुढच्या बाजूस अष्टकोनी मुद्रा असून तीत इंग्रजी एम व जी ही दोन अक्षरे कोरलेली असतात. मुले बहुधा तिच्या भोंग्याकडे धाव घेतील. परंतु गर्दीत एखादा जाणता सुतार असेल, तर तो तिच्या दाराच्या कडेवर बोटाने टिचकी मारील, कान देऊन ऐकेल, आणि आश्चर्याने म्हणेल, “अरे, ही तर आतून लाकडाची आहे!”

त्याचे म्हणणे अगदी खरे ठरेल.

या मोटारीच्या घराण्याचा मूळ पुरुष विल्यम मॉरिस. इंग्लंडातील ऑक्सफर्ड शहरी वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने सायकली दुरुस्त करण्याचा धंदा मांडला. सायकलीवरून तो मोटारींकडे वळला आणि पुढे इंग्लंडातील सर्वांत मोठ्या मोटार कारखानदारांपैकी एक झाला. त्याच्या ऑक्सफर्डमधील विक्री व दुरुस्तीच्या पेढीचे नाव ‘मॉरिस गॅरेजेस’ असे होते. तेथे १९२२ साली सेसिल किंबर हा व्यवस्थापक झाला. साध्या मॉरिस मोटारीवर अधिक डौलदार व चपळ गाडी उभी करावी, ही कल्पना किंबरची. पेढीच्या नावातील आद्याक्षरे घेऊन त्या गाडीला एम. जी. हे नाव पडले. १९२९ साली तिचा कारखाना ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी गेला व १९८० पर्यंत तेथेच चालला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कारखान्यात रणगाड्यांसारखी युद्धोपयोगी कामे चालत. १९४५ साली युद्ध संपताच त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून ‘टी. सी.’ नावाची मोटार बाहेर पडू लागली. तिला जन्म देणारा किंबर मात्र हे पाहायला उरला नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात झालेल्या आगगाडीच्या अपघातात तो मरण पावला होता. युद्धाने इंग्लंडची तिजोरी रिकामी झाली होती. परदेशी चलन मिळवण्यासाठी जे कारखाने आपला माल बाहेर पाठवतील, त्यांनाच पोलाद मिळण्याची अधिक आशा असे. त्यामुळे १९४९ पर्यंत तयार झालेल्या सुमारे १०,००० टी. सी. मोटारींपैकी बहुसंख्य समुद्र ओलांडून गेल्या. काही अमेरिकेत पोचल्या, काही ऑस्ट्रेलियात. हिंदुस्थानातही थोड्या उतरल्या. इंजिन १,२५० घन सेंटिमीटरचे आणि शक्ती अवघी ५४ अश्वांची. तिचा वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत जाई. आजची साधी घरगुती मोटारही याहून वेगाने धावते. पण जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून, उघड्या वाऱ्यात साठाचा वेग गाठला तरी माणसाला शंभराचा भास होतो, हेच तिचे खरे वैभव.

आता तिच्या लाकडाविषयी. मोटारीचा तळाचा सांगाडा पोलादी असतो. त्यावर बसवलेले अंग मात्र ॲश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडी चौकटीचे असून त्या चौकटीवर पातळ पोलादी पत्रा खिळलेला असतो. ॲशचे लाकूड चिवट असते. धक्का बसला तर ते लवते, पण सहसा तुटत नाही. इंग्लंडात कुदळी-फावड्यांचे दांडे याच लाकडाचे करीत. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला बाभळीचे लाकूड निवडतात, त्यामागेही हाच विचार असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर ताठ वस्तू आधी मोडते.

परंतु विलायतेतील रिमझिम वेगळी आणि शहापूर-मुरबाडचा पाऊस वेगळा. पत्रा व लाकूड यांच्यामधल्या फटीत पाणी शिरले, की ते लवकर वाळत नाही. लोखंडाला पाणी व हवा एकाच वेळी मिळाली म्हणजे गंज धरतो. समुद्रावरून येणारी खारी हवा त्या कामी आणखी मदत करते. पत्रा आतून कुजत जातो व वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. लाकडाला एकीकडून बुरशी लागते, दुसरीकडून वाळवी पोखरते. अशी मोटार एखाद्या गोठ्यात वा पडवीत दहा-वीस पावसाळे उभी राहिली, तर तिचे दार ओढताच हातात बिजागरी तेवढी येते. बिजागरीचे स्क्रू ज्या लाकडात रुतले होते, त्या लाकडाची भुकटी झालेली असते.

अशा गाडीला पुन्हा चालती करावयाची, म्हणजे प्रथम ती संपूर्ण उकलावी लागते. या कामात घाई करणारा माणूस हमखास फसतो. प्रत्येक तुकडा काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतात, त्याला चिठ्ठी बांधतात, त्याचे खिळे-स्क्रू वेगळ्या डबीत ठेवतात. कुजलेला लाकडाचा तुकडाही कोणी फेकून देत नाही, कारण नवा तुकडा घडवताना त्याचेच माप घ्यावयाचे असते. अर्धा तुकडा उरला असेल, तर दुसऱ्या बाजूच्या तुकड्यावरून उलटे माप काढतात. येथे खरे काम सुताराचे. मोटारीच्या चौकटीत सरळ रेषा फारच थोड्या. बहुतेक तुकडे दोन दिशांनी वळलेले, आणि त्यांचे सांधे खाच व कूस यांनी एकमेकांत बसवलेले. शहापूरकडच्या सुताराला ॲश मिळणार नाही, सागवान सहज मिळेल. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी व पाणी यांना तो अधिक दाद देत नाही. पण त्याच तेलामुळे त्याला सरस नीट चिकटत नाही. म्हणजे सांधा सरसावर सोडून चालत नाही, तो मुळातच चोख बसला पाहिजे.

पत्र्याचे काम तांबटाच्या जातीचे आहे. तांबट सपाट पत्रा घेऊन हातोडीच्या हजारो ठोक्यांनी त्याचा हंडा घडवतो. ठोका पडेल तेथे धातू पसरतो आणि पत्रा फुगत जातो. मोटारीचे चिखलरोधक पंखही असेच घडवतात. ठोका जोराचा पडला, तर पत्रा नको तेथे पसरतो, आणि पसरलेला पत्रा पुन्हा आटवणे हे घडवण्याहून अवघड आहे.

सर्वांत मनोरंजक भाग म्हणजे चाके. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा मध्ये असतो, त्यात आरे ठोकलेले असतात आणि बाहेरून लोखंडी धाव चढवलेली असते. ओझे आले, की ते तुंब्याखालच्या आऱ्यांवर पडते. आरा खांबासारखा उभा राहून भार पेलतो. या मोटारीच्या चाकातही तुंबा आहे, पण आऱ्यांच्या जागी बारीक तारा आहेत. तार उभी करून तिच्यावर वाटी ठेवली, तरी ती वाकेल. मग एवढ्या मोटारीचा भार त्या तारा कशा सोसतात? याचे रहस्य ताणात आहे. प्रत्येक तार दोन्ही टोकांनी ओढून घट्ट केलेली असते. सर्व बाजूंनी ताण सारखा असल्याने तुंबा मधोमध धरला जातो. वरून भार आला, की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढेच; त्या सैल पडेपर्यंत चाकाला काही होत नाही. सायकलीच्या चाकाची रीतही हीच, आणि मॉरिसने सायकलीपासून सुरुवात केली होती, हे येथे सहज आठवते. एक-दोन तारा तुटल्या, की शेजारच्या तारांवर जास्त ताण येतो व चाक डुलू लागते. म्हणून दुरुस्त करणारा माणूस चाक फिरवीत एकेका तारेवर टिचकी मारतो. घट्ट तार तंबोऱ्यासारखी वाजते, सैल तार मुकी राहते.

हे चाक मोटारीला एकाच मोठ्या नटाने बसवलेले असते. त्या नटाला कान असतात आणि त्यांवर हातोडी मारून तो काढतात वा घट्ट करतात. उजव्या व डाव्या बाजूच्या नटांचे आटे परस्परांच्या उलट असतात, त्यामुळे गाडी धावताना नट सैल न होता घट्टच बसतो. हे ठाऊक नसलेल्या माणसाने दोन्ही बाजूंना एकाच दिशेने हातोडी चालवली, तर एका बाजूचा नट आवळत जाऊन कायमचा जाम होतो.

बैलगाडीची धाव चढवताना ती शेण्यांच्या आगीत लाल करतात, फुगली की चाकावर घालतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसते व लाकडाला मिठी मारते. इंजिनाच्या जड चक्रावर दातेरी कडे बसवण्याची रीतही अगदी अशीच आहे. कडे तापवून चढवतात, आणि ते निवले म्हणजे कोणत्याही खिळ्यावाचून जागच्या जागी घट्ट राहते. कोणाही लोहाराला ही युक्ती शिकवावी लागणार नाही.

इंजिन उघडल्यावर मात्र नवीन मेस्त्री बुचकळ्यात पडतो. नटावर आजचा पाना बसत नाही, म्हणून तो इंग्रजी मापाचा जुना पाना आणतो. पाना बसतो, पण बोल्ट हरवला असेल आणि त्याने इंग्रजी मापाचा नवा बोल्ट आणला, तर तो भोकात फिरत नाही! याचे कारण इतिहासात आहे. ज्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात मॉरिसची इंजिने होत, तो पूर्वी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. मॉरिसने तो १९२३ साली विकत घेतला. तेथील यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक मापाचे निघत. बोल्टचे डोके मात्र इंग्रजी पान्याला बसेल असे ठेवले. धड फ्रेंच, डोके इंग्रज, अशी ही जोडी २० वर्षांहून अधिक काळ चालत राहिली. सिलिंडर किती झिजला, हे येथे हजारांश इंचांत मोजतात. एक हजारांश इंच म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. असे काही हजारांश झिजले, की इंजिन तेल पिऊ लागते.

हिंदुस्थानात आलेल्या या मोटारींचे पुढे काय झाले? १९५३ नंतर सरकारने परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद केली. देशात मोटारी घडवण्याचे काम हाती घेणाऱ्या कंपन्यांनाच येथे राहू दिले. देशी कारखानदारीच्या दृष्टीने ते धोरण समजण्यासारखे होते. जुन्या मोटारींच्या मालकांना मात्र सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा कारागिरांनी आपली बुद्धी लढवली. तुटलेल्या भागाजागी दुसऱ्या गाडीचा भाग तासून बसवला, नाहीतर चालू वापरातल्या गाडीचे इंजिन उचलून घातले. योगायोग असा, की टॅक्सी म्हणून व सरकारी गाडी म्हणून देशभर फिरलेली ॲम्बॅसॅडर मोटार ही मॉरिसच्याच घराण्यातली. मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून ती घेतलेली होती आणि बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होत होती. तिच्यात पुढे जे १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आले, त्याचे भावंड १९५५ सालच्या ‘एम. जी. ए.’ या मोटारीत होते. ऐटदार मोटार आणि भाड्याची टॅक्सी ही अशी चुलत भावंडे निघाली.

आता खरा पेच पुढेच आहे. चौकट सागाची, पंख नवे, इंजिन दुसऱ्या गाडीचे; मग ही मोटार तीच राहिली काय? नांगराचा फाळ बदलला, पुढे दांडी बदलली, तरी शेतकरी त्याला आजोबांचाच नांगर म्हणतो. मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न एकदा थेट न्यायालयात गेला. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या मोटारीने फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांची शर्यत १९२९ व १९३० अशी सलग दोन वर्षे जिंकली होती. पुढे तिचे इंजिन बदलले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला व तीत चालक ठार झाला. त्यानंतर ती निराळ्या अंगाची बंद मोटार म्हणून पुन्हा उभी करण्यात आली. १९९० साली तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, तेव्हा खरेदीदार म्हणाला, “ही ती मोटारच नव्हे!” लंडनच्या न्यायालयात तिचा एकेक भाग तपासला गेला. शर्यत जिंकणाऱ्या १९२९ च्या गाडीतील पेडलचा दांडा, गिअरपेटीचे कवच व सुकाणूचा दांडा यांसारखे अगदी थोडे भाग उरलेले आढळले. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. ती गाडी कधीही मोडीत निघाली नव्हती, तिच्या जागी दुसरी गाडी उभी राहिली नव्हती. बदल होत गेले, पण तिचे आयुष्य मध्येच तुटले नाही, म्हणून ती तीच, असे त्यांनी ठरवले.

भारत सरकारने याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले आहे. जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम झाले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांखाली येतात. वाहन मूळ रूपात राखलेले असावे, त्याच्या सांगाड्यात, अंगात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. क्रमांकात ‘व्ही ए’ ही अक्षरे येतात. असे वाहन रोजच्या वापराला वा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते रस्त्यावर येऊ शकते.

नियम नीट आहे. मूळ वस्तू जपावी हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण टंचाईच्या दिवसांत ज्या मेस्त्र्याने टॅक्सीचे इंजिन बसवून एखादी मोटार भंगारात जाण्यापासून वाचवली, त्याच्या त्या कामाला काय म्हणावे? मूळचे इंजिन शोधून बसवताना त्याचे इंजिन काढून टाकावे लागते, आणि त्याबरोबर त्या गाडीच्या आयुष्यातली २०-३० वर्षेही निघून जातात. काही मालक असे इंजिन विकत नाहीत. ते पुसून, तेल लावून, कोपऱ्यात जपून ठेवतात. ही रीत अधिक शहाणपणाची दिसते.

एवढे करूनही काम संपत नाही, कारण पेट्रोलच बदलले आहे. पूर्वी पेट्रोलात शिसे मिसळीत. त्याचा पातळ थर इंजिनाच्या झडपांच्या बैठकांना झिजण्यापासून वाचवी. शिसे आरोग्याला घातक, म्हणून २००० सालापासून भारतभर बिनशिशाचे पेट्रोल आले. तेव्हा जुन्या इंजिनांत कठीण पोलादाच्या बैठका बसवाव्या लागल्या. आता पेट्रोलात इथेनॉल असते. २०२५ साली त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषतो व जुन्या रबराच्या नळ्या मऊ करून टाकतो. पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून दिलेली मोटार दसऱ्याला सुरू होत नाही, याचे कारण पुष्कळदा तेथेच सापडते. टाकी रिकामी करून ठेवणे आणि नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालणे, हा त्यावरचा उपाय.

सर्व जुळून आले व जुन्या मोटारींची फेरी माळशेजच्या वाटेने निघाली, तर टोकावड्याच्या पुढे चालकाची परीक्षा सुरू होते. टी. सी. मोटारीचा पहिला गिअर धावत्या गाडीत सहजासहजी पडत नाही. चढावर पुढची मालमोटार रेंगाळली, तर क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाचा वेग वाढवून दातांची गाठ अचूक घालावी लागते. ते साधले नाही, तर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा निघावे लागते. पाण्याचा काटा चढू लागला, की बाजूला उभे राहून नाकावरचे झाकण उघडतात. पाणी निवेपर्यंत वरचे टोपण काढत नाहीत, कारण आतली वाफ हात भाजते. परतीच्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरत नाहीत. जुन्या पद्धतीचे ब्रेक तापले, की त्यांची पकड जाते. दुसरा गिअर टाकून, इंजिनाच्याच ओढीने मोटार आवरून धरीत चालक वळणामागून वळण उतरतो, आणि खाली मुरबाडची भातखाचरे दिसू लागेपर्यंत त्याचे लक्ष रस्ता सोडून कोठेही जात नाही.